आडवी पाडून घेतलेली गाडी

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नाही. आणि शेजाऱ्याकडं बघून उत्तर देऊ नका — कारण प्रश्नच शेजाऱ्याचा आहे!

ओझं ज्याच्या डोक्यावर जाणार, त्यानं ते किती घ्यायचं — हे ठरवायचं कुणी? वाहणाऱ्यानं, का बघणाऱ्यानं?

सोपं वाटतंय ना? माना लगेच हलल्या. "महाराज, हे काय विचारणं झालं! ज्याचं डोकं त्याचं ओझं!" वा! काय शहाणी मंडळी बसलीत! मग मला सांगा, त्या वळणावरच्या बंगल्यात माणसं राहतात तीन — आणि गेटवर सिंह दोन! ते सिंह कुणासाठी हो? चोराला धरतात? दूध देतात? मालकाला विचारलं तर तो म्हणतो, "महाराज, सगळ्यांनी बसवलेत, मग आपलंच गेट बोडकं कसं ठेवायचं?"

बोडकं गेट चालत नाही. गेटच्या आतलं डोकं रिकामं असलं तरी चालतं!

हसू नका. आज सिंहाची गोष्ट नाही सांगत. गाडीची सांगतो. फटफटीची! तुम्ही म्हणाल, कीर्तनात फटफटी कशी? का नको? तुम्ही देवळात येता ते काय गरुडावर बसून येता?

तर ऐका. डोंगराच्या पायथ्याला एक गाव. तिथं एक पोरगा, गोरक्ष वाकळे नावाचा. वय सत्तावीस. उंची बेताची. आणि अंगानं इतका किडकिडीत, की त्याची आई गिरिजाबाई म्हणायची, "वारं सुटलं की बाहेर पडताना खिशात दोन दगड ठेवत जा बाबा."

पण हातात गुण! जनावरांच्या औषधपाण्याची दोन वर्षांची पदविका केली, आणि गावात काम सुरू केलं. गाय अडली, बैलाला जखम झाली, शेळीचं पोट फुगलं — बोलवा गोरक्षला. लोक डॉक्टर म्हणायचे. नाव गोरक्ष, म्हणजे गाईचा रक्षक. आईबापानं ठेवलं आणि पोरानं खरं केलं. नाहीतर आपल्याकडं नावं काय कमी आहेत? माझ्या ओळखीचा एक विनय आहे. दर ग्रामसभेत खुर्च्या फेकतो!

आता हा गोरक्ष कामाला जायचा कसा? जवळ असलं तर सायकल. लांब असलं तर ज्याचं जनावर तो गाडी घेऊन न्यायला यायचा, आणि हा मागं बसून पिशवी सांभाळत जायचा. गाडी चालवायला शिकलाच नव्हता. घरात कधी गाडी नव्हती, शिकणार कुठं?

एक दिवस असं झालं — एका शेतकऱ्याची गाय अडली. फोन आला, "डॉक्टर, तयार राहा, माणूस पाठवतो." हा तयार. पिशवी घेऊन फाट्यावर उभा. माणूस आला दीड तासानं! वाटेत कुणी भेटलं, चहा झाला, पेट्रोल भरायचं राहिलं... दीड तास! गोरक्ष गोठ्यात पोचला तेव्हा गाईचे डोळे पांढरे झाले होते. त्यानं पिशवी उघडलीसुद्धा नाही.

घरी आला. जेवला नाही. आईला म्हणाला, "आई, आता गाडी घ्यायची. आपली."

बस्स! इथवर सगळं सरळ चाललं होतं. माणसाला गरज होती, गरज त्याची त्याला कळली होती, घ्यायला निघाला होता. मग घोटाळा कुठं झाला? घोटाळा झाला सलूनपुढच्या बाकड्यावर!

प्रत्येक गावात एक बाकडं असतं, मंडळी. त्यावर बसणाऱ्यांना स्वतःचं काम नसतं, म्हणून ते सगळ्या गावाची कामं बघतात. या बाकड्याचा मुख्य पीके. पीके म्हणजे प्रवीण. प्रवीण कशात? ते मात्र आजवर कुणाला कळलेलं नाही! आणि त्याच्याबरोबर आणखी तिघं. त्यांची नावं मी सांगत नाही. ज्याला स्वतःचं मत नाही, त्याला नाव कशाला? पीके बोलला की तिघं माना हलवणार. एवढंच काम. नंदीबैलाला निदान झूल तरी असते!

गोरक्ष तिथं दाढी करायला गेला. सहज बोलून बसला, "गाडी घेतोय."

"कोणती?" पीके सरसावून बसला.

"शंभर सीसीची बघतोय. हलकी आहे. मला अजून येत नाही ना चालवता."

अरारारा! बाकड्यावर सुतक पडलं! न्हाव्याचा वस्तरा गालावर थांबला!

"शंभर?" पीके म्हणाला. "अरे, शंभरवर आपला दूधवाला फिरतो! तू डॉक्टर आहेस, गोरख्या! डॉक्टर! साडेतीनशे सीसीची घे. धड-धड-धड करत निघालास की पुढच्या गावाला कळलं पाहिजे, डॉक्टर येतायत!"

"पण मला अजून क्लचसुद्धा—"

"येतं रे! मोठ्या गाडीवर शिकला ना, की माणूस एकदाच शिकतो."

काय तत्त्वज्ञान, मंडळी! पोहायला शिकायचंय? ढकला धरणात! एकदाच शिकतो! आणि खरंच आहे ते. दुसऱ्यांदा शिकायला उरतो कुठं?

आणि हे सांगतोय कोण? पीके! याची स्वतःची गाडी कोणती? मेव्हण्याची! तीही मेव्हणा परगावी गेला तर! असल्या माणसाला गाडीचं ज्ञान फार. ज्याला पेट्रोल भरायचं नसतं, त्याला मोठी गाडी फार आवडते.

पण गोरक्ष? गाल खाजवत घरी आला. मंडळी, त्याचं नेमकं काय झालं ते सांगतो, कारण ते तुमचं-माझं रोज होतं. त्याला पटलं होतं का? नव्हतं. पण लाज वाटली होती! आपलं बरोबर असताना लाज वाटते — ही काय जात आहे लाजेची? चोरी करताना येत नाही ती, आणि स्वतःपुरतं शहाणपण करताना मात्र गळ्याशी येऊन बसते!

आईला विचारलं. गिरिजाबाई भाकरी थापत होती. तिनं काय सांगावं? "चार माणसं म्हणतायत तर असंल काहीतरी त्यात. उठून दिसावं बाबा चारचौघांत."

झालं. घरातूनही मत पडलं. चारचौघं चौघंच होते, पण घराघरात शिरले होते!

दुसऱ्या दिवशी पाचजण वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं तालुक्याला निघाले. गाडी एकाला घ्यायची, पण निवडायला पाच! पोरगी बघायलासुद्धा हल्ली एवढे जात नाहीत, कारण तिथं पोहे करावे लागतात.

शोरूममध्ये गेले. काचेची खोली, आत गारवा, आणि मधोमध ती उभी! काळीकुळकुळीत, टाकीला लाल रिबीन. टाय लावलेला एक विक्रीचा पोरगा पुढं झाला. "बसून बघा सर."

गोरक्ष चढला. चढलाच म्हणायचं, बसला म्हणवत नाही! दोन्ही पाय खाली सोडले — टेकले ते नुसते चवडे. पीकेनं लगेच मोबाईल काढला. फोटो! आणि फोटो टाकलाही स्टेटसला — 'भावाची नवी गाडी!' अजून पावती नाही, पसंती नाही, आणि गावभर अभिनंदन सुरू! आपल्याकडं बारसं आधी, बाळ सवडीनं!

तेवढ्यात विक्रीच्या पोरानं गाडीचं स्टँड काढलं, सरळ उभी करून दाखवायला. आणि गाडीचं सगळं वजन गोरक्षच्या मांड्यांवर आलं. एवढंसं डावीकडं कललं— आणि गेलीच! तिघांनी धावून धरली, म्हणून वाचली. सगळे हसले. टायवाला हसला. पीके तर गुडघ्यावर हात मारून हसला.

गोरक्ष मात्र हसला नाही. त्याच्या अंगावर काटा आला होता.

कारण ते वजन त्याच्या ओळखीचं होतं! मागच्याच महिन्यात एका गोठ्यात एक गाय बसली होती. बसली म्हणजे विश्रांतीला नव्हे, उठायचीच बंद झाली होती. पोटाखालून गोणपाट घातलं, दोन्हीकडून वेळू लावले, सहा माणसं लागली — तेव्हा ती उठली. जनावर आपल्या पायावर उभं आहे तोवर एक पोरगी त्याला दाव्यानं नेते. एकदा आडवं झालं, की त्याचं खरं वजन कळतं! हे या पोराला त्याच्या धंद्यानं शिकवलं होतं. उभ्या वस्तूचं वजन उगाच असतं, मंडळी. पडल्यावर काय भरते ते बघावं!

तो गाडीवरून उतरला. टायवाल्याला म्हणाला, "एक काम करता का? ही गाडी जरा आडवी पाडा."

"...काय?"

"आडवी. जमिनीवर. मला उचलून बघायचीय."

टायवाल्याला वाटलं, चेष्टा आहे. "सर, नवी गाडी आडवी कोण पाडतं?"

"मी पाडणार," गोरक्ष म्हणाला. "आज ना उद्या. मला चालवता येत नाही. म्हणजे मी पडणार. मग उचलता यायला नको?"

मंडळी! त्या काचेच्या खोलीत आजवर हजारो गिऱ्हाइकं आली असतील. मायलेज विचारलं असेल, रंग विचारला असेल, 'सीटकव्हर फुकट देता का' हे तर सगळ्यांनीच विचारलं असेल. 'मी पडणार आहे' असं कबूल करणारा पहिला मर्द त्या दिवशी आला! आणि त्याच्याबरोबर आलेले चार मित्र कुठं बघत होते? छताकडं! छताकडं बघत होते लाजेनं!

"गोरख्या, गप ना," पीके कुजबुजला. "आपली इज्जत घालवतोस!"

आपली! गाडी याची, पाय याचे, पडणार हा — आणि इज्जत मात्र पीकेची!

टायवाला आत जाऊन मॅनेजर बाईंना विचारून आला. बाई मोठ्या सरळ होत्या. म्हणाल्या, "नवी नाही पाडता येणार. मागं वर्कशॉपात फिरवून दाखवायची जुनी गाडी आहे, त्याच जातीची. ती पाडा, गोणपाट टाकून."

मागं गेले. गोणपाट अंथरलं. दोघा मिस्त्रींनी गाडी अलगद आडवी केली. बाकीचे मिस्त्री पाने-हातोड्या ठेवून बघायला गोळा झाले. फुकटचा तमाशा! आणि आपला गोरक्ष, किडकिडीत पोरगा, हँडल धरून वाकला. एक हिसका. गाडी हलली नाही. दुसरा हिसका. वीतभर उठली, परत बसली. शर्ट बाहेर आला, कपाळाच्या शिरा तटतटल्या. एका मिस्त्रीनं सांगितलं, "पाठ लावा गाडीला, पाठ! पायांनी रेटा!" तसंही केलं. अर्ध्यावर आली— आणि पुन्हा धप्प!

गोरक्ष सरळ झाला. धापा टाकत म्हणाला, "ही नाही."

आता मात्र पीके भडकला. "अरे, असली गाडी एकट्यानं कुणी उचलतं का? आम्ही आहोत ना उचलायला!"

"तुम्ही कुठं असाल?"

"कुठं म्हणजे?"

"मी वर डोंगरात, बोरदरा वस्तीच्या चढावर पडलो, भर दुपारी, तर तुम्ही चौघं माझ्या मागं चालत येणार आहात का?"

पीके काय, बाकड्यावरचा माणूस! बाकडं सोडून बोरदऱ्याला? जिभेला चालायला चढ लागत नाही हो, पायांना लागतो!

मग शंभर सीसीची जुनी गाडी आडवी केली. पहिल्यांदा चुकला — हँडल उलटं धरलं होतं. दुसऱ्यांदा पाठ लावली, पाय रोवले — आणि गाडी उठली! सरळ उभी! एकट्यानं! पुन्हा पाडायला लावली. पुन्हा उचलली. तिसऱ्यांदाही!

"हीच द्या," म्हणाला. "रंग कोणताही चालेल."

मिस्त्री हसत होते, पण आता तोंड वेगळं होतं त्यांचं. आणि चार मित्र? ते पुढं जाऊन वडापच्या जीपमध्ये बसले होते. पेढेसुद्धा खाल्ले नाहीत! जिच्या फोटोवर गावभर अभिनंदन घेतलं होतं, ती गाडी आता पुसायची कशी — हे दुःख होतं पीकेला. मोठं दुःख! पीके आठवडाभर स्टेटस न टाकता जगला!

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या माणसानं गाडी घरी आणून दिली. गोरक्षनं शिकायचा परवाना काढला, आणि बाजाराच्या मोकळ्या मैदानात भल्या सकाळी शिकायला लागला. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. उडी — बंद! उडी — बंद! चार वेळा पडला. चारही वेळा आपला आपण उठला, गाडी उचलली, पुन्हा बसला. कुणाला हाक मारली नाही.

पण बाकडं गप्प बसतंय होय? त्यांनी नाव ठेवलं — शिलाई मशीन! हा समोरून गेला की पीके ओरडायचा, "डॉक्टर, माझा पायजमा उसवलाय, जरा शिवता का?" की तिघं खो-खो हसायचे. लहान पोरं शिकली. पोरांच्या मागोमाग मोठी माणसं शिकली. टवाळीला शाळा लागत नाही.

आणि आता ऐका, शेतकरी राजांनो! आता तुमची पाळी!

शेजारच्या गावात दुसरा एक जनावरांचा डॉक्टर होता. त्याचं नाव कशाला घ्या? त्याच्याकडं होती साडेतीनशे सीसीची गाडी. डोळ्यांवर काळा चष्मा. गोठ्यापुढं गाडी लावली की निम्मी वस्ती गोळा! आणि आपल्या लोकांनी काय केलं? गोरक्षला बोलवायचं कमी केलं! म्हणायला लागले, "शिलाई मशीनवाला काय औषध देणार? डॉक्टर कसा, धडधडत आला पाहिजे!"

अरे, गाईला कळतं का रे डॉक्टरची गाडी किती सीसीची? गाय काय गेटवर सिंह लावते? तिला हात कळतो! तुमच्यापेक्षा तुमचं जनावर शहाणं, आणि कासरा मात्र तुमच्या हातात! देवाच्या कारभारात एवढीच एक चूक मला दिसते!

गोरक्षला काही वाटलं नसेल का? वाटलं! तो काही संत नव्हता. कामं निम्म्यावर आली. एकदा तालुक्याला गेला असताना त्या शोरूमपुढं थांबलासुद्धा. काचेतून बघत उभा राहिला. 'बदलून घेता येईल का?' मनात आलं. आत जायला पाऊलही उचललं. मग त्याला काचेत स्वतःचं रूप दिसलं — शर्टाला शेण, हातात पिशवी. आपणच आपल्याला म्हणाला, "ही पडली तर उचलणार कोण? हाच ना?" आणि माघारी फिरला. खरं सांगतो मंडळी, दुसऱ्याचं न ऐकणं सोपं आहे. तेच बोलणं आपल्याच आवाजात आतून यायला लागलं, की अवघड जातं.

असे चार-पाच महिने गेले. पावसाळा उतरणीला लागला होता. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. ठकूबाई गोडे. बोरदरा वस्तीवर राहणारी बाई. एकटी. घरात ती आणि तिची एक गाय.

"डाक्टर, गाय अडलीय. झुंजुमुंजूपासून कळा देतीया. दोन पाय दिसतात, पुढं काईच नाही."

"मावशी, पहाटेपासून? मग आत्ता फोन करता?"

"त्या दुसऱ्या डाक्टरला केला व्हता. आला व्हता तो. ओढ्यापातूर आला. चिखुल बघितला आन् म्हणला, गाय खाली घेऊन या."

ऐकलंत? गाय खाली घेऊन या! कळा देणारी, अडलेली गाय — डोंगर उतरून खाली घेऊन या, कारण साहेबांची गाडी चिखलात रुतली तर निघायची नाही! एकट्याला निघत नाही ना! तो आला, त्यानं बघितलं, आणि धडधडत परत गेला. पुढच्या गावाला कळलं असेल, डॉक्टर चाललेत!

गोरक्षनं पिशवी पाठीला बांधली आणि निघाला. सहा किलोमीटर डांबर. मग ओढा. ओढ्यापुढं तीन किलोमीटर नुसते दगड आणि चिकण माती. ओढ्याला पाणी घोट्याभर होतं. पहिल्या गिअरमध्ये दोन्ही पाय खाली सोडून, ढकलत ढकलत पार झाला. पुढं चढ. छातीवरचा! निम्म्यावर आला, आणि मागचं चाक एका गोट्यावरून सटकलं.

गाडी डावीकडं आडवी. डावा पाय खाली!

मंडळी, डोळ्यांपुढं आणा. टळटळीत दुपार. माणूस नाही, काणूस नाही. वर एक घार फिरतीय. पेट्रोलचा वास सुटलाय. आरसा फुटून दगडांत पडलाय. आणि फोन? फोनला रेंज नाही! समजा रेंज असती, तर कुणाला केला असता? पीकेला?

गोरक्षनं आधी पाय हलवून बघितला. हलला. कोपरावर भार देऊन, कण्हत कण्हत पाय बाहेर काढला. गुडघ्याची साल निघाली होती, रक्त येत होतं. दोन मिनिटं नुसता बसला. मग उठला. हँडल वळवलं, पाठ लावली, पाय रोवले.

"विठ्ठला!" म्हणाला — आणि रेटली.

गाडी उभी! एका दमात!

पिशवी चाचपली. औषधाच्या बाटल्या शाबूत होत्या. क्लचची दांडी वाकली होती, ती हातानंच जराशी सरळ केली, गाडी चालू केली — आणि चढ चढून गेला.

गोठ्यात पोचला तेव्हा गाय आडवी पडून होती. मान जमिनीवर. ठकूबाई तिच्या डोक्याशी बसून कानामागं खाजवत होती. गोरक्षनं हात खांद्यापर्यंत धुतले, तेल लावलं आणि आत घातला. वासराची मान मागं वळलेली. दोन पाय पुढं आणि तोंड पाठीकडं! जन्मभर गाय कळा देती तरी ते बाहेर आलं नसतं.

"मावशी, हिला बोलत राहा."

ठकूबाई बोलत राहिली. "चंद्रे, माझे बाय, अजून थोडं, अजून थोडं." अर्धा-पाऊण तास! कळ आली की हात चिमटायचा, कळ गेली की बोटांनी वासराची हनुवटी शोधायची. घाम डोळ्यांत जात होता. शेवटी मान फिरली. पायांना दोरी लावली, कळेबरोबर ओढलं, आणि वासरू बाहेर आलं.

मी तुम्हाला गोड गोड सांगू शकतो, की वासरू टुणकन उठलं आणि कान हलवायला लागलं. कीर्तनकाराला कोण विचारतो? पण खोटं नाही सांगत. वासरू गेलेलं होतं. गोरक्षनं नाक पुसलं, छाती चोळली, पाय धरून उलटं केलं. नाही. पहाटेचा उशीर होता तो. भरून निघणार नव्हता.

मग तो गाईकडं वळला. कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली. गूळपाणी पाजायला लावलं. तासभर दोघं बसून राहिले. आणि मग चंद्रीनं मान उचलली. पुढचे गुडघे टेकले. एकदा धडपडली, दुसऱ्यांदा धडपडली— आणि उठली! चारी पायांवर!

ठकूबाईनं तिच्या मानेला मिठी मारली. वासराकडं बघून रडली, गाईकडं बघून हसली, दोन्ही एकदमच. "माझी गाय ऱ्हायली," एवढंच म्हणत होती. "माझी गाय ऱ्हायली." त्या एका गाईवर तिचं घर चाललं होतं हो. दुसरं काय होतं तिच्याकडं?

तिनं गोरक्षला नाचणीची भाकरी वाढली. त्याचा गुडघा बघितला, हळद आणून लावली. निघताना गाडीपाशी आली आणि म्हणाली, "डाक्टर, आरसा फुटलाय की गाडीचा."

"फुटू द्या, मावशी."

त्या बाईनं विचारलं का, गाडी किती सीसीची? छे! तिच्या दारात जी आली, ती गाडी!

आता तुम्हाला वाटेल, पीके सुधारला असेल. बाकडं रडलं असेल. माफी मागितली असेल. मंडळी, तुम्ही फारच भोळे! गोरक्ष लंगडत सलूनपुढून गेला तेव्हा पीकेला सगळी हकीकत कळली होती. काय म्हणाला असेल पीके?

"बघ! साडेतीनशे असती तर पडलाच नसतास!"

मूर्खपणाला पंक्चर होत नाही हो! किती खिळ्यांवरून न्या, चालूच!

आणि गोरक्ष? डोंगरावरच्या वस्त्यांची बोलावणी आता त्यालाच येतात. खालच्या बंगलेवाल्यांना अजून धडधडणाराच डॉक्टर लागतो. लागू द्या. ज्याला आवाज पाहिजे त्याला आवाज मिळतो!

आता गोष्ट संपली आणि तुमची खोड काढायची वेळ झाली.

तुम्ही परमार्थातसुद्धा तेच करता! शेजारणीनं सोळा सोमवार धरले, की हिला एकवीस पाहिजेत! तिसऱ्या सोमवारी चक्कर येते, पाचव्याला शंकरावरच राग धरते! भावकीनं सप्ताहाला दहा हजार पानं उठवली, की यांना पंधरा उठवायचीत — आणि वर्षभर घरातल्या म्हाताऱ्या बापाला एक पान वेळेवर नाही! एकानं जाडजूड ग्रंथाचं पारायण लावलं, की दुसरा त्याच्याहून जाड ग्रंथ आणतो. वाचायला नव्हे, चौरंगावर दिसायला! देवापुढंसुद्धा साडेतीनशे सीसीची भक्ती उभी करायची, लाल रिबीन लावून!

अरे, आयुष्यात तू पडणारच आहेस! मी पडणार, हे मृदंगवाले पडणार, हे हार घेऊन बसलेले सरपंच तर पडणारच आहेत — येत्या निवडणुकीतच! पडण्याला कुणी चुकला नाही. पण जेव्हा घरातलं माणूस जाईल, धंदा बसेल, पोरगं उलटून बोलेल — तेव्हा त्या चढावर तुझ्याबरोबर कोण असेल? बाकडं? बाकडं जागचं हलत नाही! तेव्हा तुझ्या एकट्याच्या हातानं उठेल तेवढाच देव तुझा. रोजचं चार वेळा नाम घे. लहान वाटतं? शिलाई मशीन म्हणतील लोक? म्हणू दे! ते तुझं तुला उचलता येतं!

आणि ते बघा! मंडपाच्या बाहेर, तिथं अंधारात, आमची तरणी पोरं. सगळं कीर्तन गाड्यांवर बसून ऐकतायत! स्टँड लावलंय, एक पाय टाकीवर. जसं काय आत्ताच देवाला शर्यतीत हरवून आलेत! हां, तुलाच म्हणतोय, काळ्या शर्टवाल्या! मागं काय बघतोस? मागं कुणी नाही! किल्ल्या काढा, उतरा, आणि आत येऊन सतरंजीवर बसा. लाजू नका. जमिनीची ओळख आधीपासून असलेली बरी!

या. बसा. सरका रे जरा, त्यांना जागा करा.

आता माझ्याबरोबर नाव घ्या. पण शेजाऱ्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं नको. तुमचं तुम्हाला ऐकू येईल, एवढंच.

विठ्ठल... विठ्ठल...